उखडलेले नऊ सांधे

भर दुपारी काँक्रीटचा नवा रस्ता सांध्याशी तंबूसारखा वर उठला. स्कूटरवरची नर्स त्यावर आदळून जागीच गेली. सांधे भरणारा मिस्त्री संध्याकाळपर्यंत कोठडीत होता.

"म्हणे, धूळ न काढताच रबर ओतलं!" त्याची बहीण दात खाऊन म्हणाली. "आमचा दादा धुतलेलं ताटसुद्धा पुसून घेतो. आणि मला त्याला भेटूही देत नाहीत."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी चष्मा घातला. त्यांची टिपणं ठेवणारे निवृत्त मास्तर छत्री शोधू लागले.

इंजिनिअरची पत्र्याची केबिन बाहेरून भाजत होती, आत गारठा होता.

"दोरी, रबर, सगळं नियमाप्रमाणे," साहेब म्हणाले. "मिस्त्री आळशी, बस्स."

मास्तर खिडकीशी सुखावले. "एसीचा गारवा जराही बाहेर जात नाही. फटी काय ठासून बुजवल्यात!" त्यांनी फटीतल्या करड्या, मऊ पट्टीवर टिचकी मारली.

रस्त्यावर बाई सरळ खालीच बसल्या. शंभर सांध्यांपैकी शेवटचे नऊच फाटले होते. त्यांनी एका चांगल्या सांध्यातलं रबर कापून काढलं. त्याच्या पोटाला गोल खोबण होती. फाटलेल्याचं पोट सपाट होतं, कडा मात्र काँक्रीटला घट्ट धरून होत्या.

"गोल काय, सपाट काय, रबर ते रबर," मास्तर पुटपुटले.

स्टोअरकीपर म्हणाला, "फोमची दोरी आधी सांध्यात दाबतात, वर रबर. दहा बंडलं आली, दहाही साहेबांच्या केबिनमध्ये पोचवली. पुढचं त्यांना विचारा."

मुकादम जमिनीकडे बघत राहिला. "शेवटच्या दिवशी मिस्त्री साहेबांशी कडाकडा भांडला. कशावरून, ते नाही ऐकलं. मलाही पोरंबाळं आहेत, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं, फौजदारांसकट.

"धूळ असती तर रबर कडांपासून सुटलं असतं. हे मधोमध फाटलंय. खाली दोरी असली की रबर दोन्ही कडांनाच चिकटतं आणि मोकळं ताणलं जातं. दोरी नसली की ते तळालाही चिकटतं. रात्री काँक्रीट आखडतं, सांधा रुंदावतो, जखडलेलं रबर फाटतं. फटीत खडे जातात. दुपारी काँक्रीट फुगतं, त्याला जागा उरत नाही. मग ते वर उठतं. सपाट पोट म्हणजे त्या नऊ सांध्यांत दोरी घातलीच नव्हती. मिस्त्री त्यावरूनच भांडला असणार."

"दोरी संपली होती," साहेब म्हणाले.

"काल तर सगळं नियमाप्रमाणे होतं."

बाईंनी खिडकीच्या फटीत बोट घातलं आणि ओढलं. करडी, गोल दोरी हातभर, मग वावभर बाहेर आली. मागोमाग गरम वारा घुसला.

"नऊ सांधे, प्रत्येकी चार मीटर. मोजा, मास्तर."

मास्तरांनी चारही खिडक्या मोकळ्या करून दोरी मोजली. "तीस मीटर."

"दार राहिलंय."

"केबिन तापते हो," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "माणसानं काम कसं करायचं?"

मुकादम पुढे आला. "मी ऐकलं होतं, फौजदारसाहेब. दोरीशिवाय ओत, नाहीतर घरी बस, असं म्हणाले हे."

बहिणीने जमिनीवरची दोरी गोळा करून फौजदारांसमोर टेबलावर टाकली.

"दादाला न्यायला मी येऊ," ती म्हणाली, "की जसा उचललात तसा तुम्हीच घरी आणून सोडता?"