कासूच्या उघाडीची तिसरी हाक

बायजाबाईचा मितेश आईच्या हाकेला ओ द्यायचा नाही. जेवायला बोलवा, चहाला बोलवा... दगड.

"कानात बोळे घातलेस काय रे?" बायजाबाई रोज विचारायची.

ही गोष्ट खरी आहे. गेल्या जुलैतली, उधाणाच्या दुपारची. बायजाबाईच्या मागच्या दाराला तेव्हापासून कडी नसते. का, ते कुणी विचारत नाही.

मितेश पेणच्या एका हापिसात कामाला, पण काम घरूनच, लॅपटॉपवर. खाडीच्या बांधात भरती अडवणाऱ्या उघाड्या असतात, म्हणजे झडपा. प्रत्येकीवर एक डबा बसवलेला. हापिसातला सर्व्हर दर पाच मिनिटांनी डब्याला हाक मारतो. ओ आली, तर हिरवं. तीन हाकांना ओ नाही, तर लाल. लाल झालं की मितेशने जाऊन बघायचं.

"माझा मितेश घरात बसून अख्खी खाडी राखतो," बायजाबाई गावभर सांगायची.

जूनमधल्या एका रविवारी मुलीकडचे पाहुणे घर बघायला आले. तेवढ्यात लॅपटॉपवर कासू गावची उघाडी लाल झाली.

"आई, कनेक्शन नाय लागत. जाऊन येतो."

"पाहुणे सोडून चिखलात जाणार? मिटव ते. डबा कुठे पळून जात नाय."

असले एरर रोजचेच. मितेशने लॅपटॉपवरच्या यादीतून कासूचं नावच काढलं. लाल गेलं. पाहुण्यांना पोहे आवडले.

उघाडीचा राखणदार जनू दुसऱ्या दिवशी सापडला. भरतीच्या पाण्यात बुडालेला, झडपेच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून.

संध्याकाळपर्यंत जिवंत होता म्हणे.

बायजाबाईने त्या पोह्यांचं नाव परत काढलं नाही. मितेशने कुणालाच ओ दिली नाही.

मग जुलैचं उधाण आलं. भर दुपारी यादीत कासूचं नाव परत... लाल.

कासूचा डबा तर जनू गेल्यापासून पेणच्या हापिसात कपाटात होता. वायरी तुटलेल्या.

मितेशने नाव काढलं. परत आलं.

परसातले कावळे गप्प झाले.

घरात खाडीच्या चिखलाचा वास...

"मितेशभाव..."

मागच्या दारातून. त्याला भाव म्हणणारा एकटा जनू.

बायजाबाईने मुलाच्या तोंडावर हात दाबला. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नसते. मेलेलं माणूस तिसरी हाक मारत नाही, असं तिची आई सांगायची.

बरोबर पाच मिनिटांनी...

"मितेशभाव..."

दोघं घड्याळाकडे बघत बसली. एक मिनिट. दोन. चार.

पाच.

"मितेशभाव..."

बायजाबाईचा हात खाली आला. ती उठली, कडीला हात घातला.

"तीन झाल्या. त्या दिवशीपण तीन हाका गेल्या, मगच लाल झालं. अडवलं मी, नाव खोडलंस तू. ऊठ. ओ दे त्याला."