जयवंतची गुलाबी मिशी

दिवाळीच्या तोंडावर लालबागेत चिवड्याची रांग सोडून जाणारं माणूस एक तर वेडं असतं, नाहीतर प्रेमात पडायच्या बेतात असतं. मृणालिनी तेव्हा यांतली कुठलीच नव्हती. रांग सरकत सरकत हेरंबच्या फोटोच्या दुकानासमोर आली, काचेआड गिरणीतल्या एका बंद मागाचा कृष्णधवल फोटो दिसला, आणि ती सरळ आत शिरली. मागच्या बाईने तिची जागा तत्काळ घेतली. लालबागेत माया खूप, पण रांगेत नाही.

"हा... कशावर छापलाय?"

"साध्याच प्रिंटरवर. रंगीत शाया बंद करून, फक्त काळीवर," हेरंब म्हणाला. "नाहीतर मशीन सगळे रंग कालवून करडा बनवतं आणि त्यावर गुलाबी झाक येते. इथे नुसते काळे ठिपके. उजेड कागदाचा."

आपण एवढं बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. गिरणी संपात नोकरी गेल्यावर वडिलांनी झेरॉक्सचं मशीन टाकून काढलेलं हे दुकान; इथलं गिऱ्हाईक 'पाठपोट काढा' याच्यापलीकडे बोलत नसे.

"मग माझे फोटो तुम्हीच छापायचे," ती मान किंचित कलती करून म्हणाली. "परळला प्रदर्शन आहे माझं. सगळे काळ्यातच हवेत."

हेरंबने मान डोलावली. ती बराच वेळ डोलत राहिली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी ती कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आली. पहिला फोटो उघडला आणि पडद्यावर शीव कोळीवाड्याचा जयवंत उभा राहिला. उघडाबंब, खांद्यावर जाळं, मिशी वळवलेली.

"खांदे बघा ना... काळ्यात काय सुरेख उतरतील."

हेरंबने खांदे बघितले. मग स्वतःचे बघितले. ते शर्टाच्या आत होते आणि तिथेच बरे होते.

दुसऱ्या फोटोतही जयवंत. तिसऱ्यात तर तो हसत होता. कॅमेऱ्याकडे बघून, म्हणजे हिच्याकडेच बघून. हेरंबने हळूच रंगीत शाया चालू केल्या.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रिंट निर्मळ दिसत होती. पण मृणालिनी ती घेऊन फुटपाथवर उन्हात गेली, तिरकी करून पाहिली आणि परत आली.

"मिशी गुलाबी आलीय."

"असेल... शाई जुनी असेल."

"परत छापाल?"

"पुढच्या शनिवारी या," हेरंब म्हणाला, आणि आपण किती हुशार आहोत हे त्याला उमगलं.

हुशारीला एक खोट होती. ती दर शनिवारी येई, पण सोबत नवे जयवंत आणी. नीट छापावं तर काम संपून ती जाणार. बिघडवावं तर दोघांनी डोक्याला डोकं लावून त्याच माणसाकडे बघत बसायचं. तिच्या केसांना वास शेवंतीचा, आणि समोर मिशी.

प्रदर्शनाआधीच्या शनिवारी ती आली, आणि पाठोपाठ जयवंत. शर्ट घातलेला. हेरंबला तेवढंच बरं वाटलं.

"तूच काय रे तो?" जयवंतने गुलाबी प्रिंटांची चळत उचलली. "अरे भाऊ, नीट छाप ना एकदा. तू बिघडवतो नि ही मला परत उभी करते. दर रविवारी. बायको विचारते, बाजारात येतो का फोटो काढत बसतो."

"बायको?" हेरंब म्हणाला.

"मग? ही मिशी काय फुकट ठेवलीय?" जयवंत चिवडा घ्यायला निघून गेला.

"माझे बाबा गिरणीत रंगखात्यात होते," मृणालिनी म्हणाली. "कापडाची छटा दिव्याखाली कधी बघायची नाही, दारात न्यायची, हे मी शाळेआधी शिकले. तू मुद्दाम बिघडवतोस, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

ती 'तू' म्हणाली होती. हेरंबने ते ऐकलं आणि काउंटर धरला.

"मग... बोलली का नाहीस?"

"नीट छापली असतीस तर मी कशाला आले असते?" तिने कॅमेऱ्यातून कार्ड काढून पुढे केलं. "आता छाप सगळे काळ्यात. आणि हा एक जास्तीचा."

जास्तीच्या फोटोत हेरंब होता. दुकानाच्या काचेतून टिपलेला, हातात जयवंतची प्रिंट, आणि चेहरा असा की कुणी त्याची चिवड्याच्या रांगेतली जागा घेतली असावी.

"हा कशात छापू?"

"तुझं तू ठरव."

जयवंत काळ्यात उतरला, आणि सुरेख उतरला. आता ते मान्य करायला हरकत नव्हती. शेवटची, जास्तीच्या फोटोची प्रिंट घेऊन मृणालिनी फुटपाथवर गेली, उन्हात तिरकी करून बराच वेळ बघत राहिली.

"हेरंब," ती दारातूनच म्हणाली, "हा गुलाबी आलाय."

"हो," तो म्हणाला. "ती शाईची चूक नाही."

तिने प्रिंट परत केली नाही.