खूण केलेलं रक्त

अकराच्या वेळेची बाई यंत्राचं तोंड बघूनच पळाली, म्हणून नौफल माझ्या वाट्याला आला. खरं तर त्याचा नंबर गुरुवारचा. पण एमआरआय रिकामं राहिलेलं आमच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपतं. बाकावर जो दिसला त्याला मी आत ओढलं.

सात वर्षं मी हे यंत्र चालवते, आणि माणसं मोजायची मला खोड आहे. दहांतले चार अंगठी काढताना कुरकुरतात, तीन पुटपुटत दुआ मागतात, दोन रडतात. दहावा थट्टा करतो. सगळ्यांत जास्त घाबरलेला तोच.

नौफल दहावा होता. स्फॅक्स बंदरातून केर्केन्ना बेटावर जाणाऱ्या बोटीवर दोर बांधायचा. वय एकतीस. गेल्या महिन्यात दोनदा उजव्या हातातून दोर आपोआप सुटला होता.

"सुई टोचणार?"

"नाही. मानेपाशी तुमच्या रक्तालाच चुंबकाने खूण करायची. मग ते मेंदूत कुठे, किती पोचतं ते बघायचं."

"म्हणजे बंदरावर शंभर चढले, तर बेटावर किती उतरले?"

"तेच."

"आणि वाटेत बुडाले तर?"

"तर तोंड मिटून पडून राहायचं. चार मिनिटं."

"तुमच्यासाठी पाच…"

डाव्या बाजूला शंभरातले जेमतेम चाळीस उतरले होते. पडद्यावर अर्धा मेंदू उजळलेला, अर्धा विझत आलेल्या शेगडीसारखा.

असलं काही सांगायचं काम डॉक्टरांचं, आणि आमच्याकडे डॉक्टर आधी घरच्यांशी बोलतात. घरची म्हणजे त्याची आई, जमीला मावशी. लवकर ट्यूनिसला नेऊन ऑपरेशन करा, असं तिला सांगितलं गेलं. तिने मला जिन्यात गाठलं.

"मुली, त्याच्या बापाला खरं सांगितलं आणि तो महिन्यात आटोपला. रमजान पार पडू दे, मग मीच सांगेन. तोवर त्याला सगळं ठीक आहे असंच सांगितलंय. तू एक शब्द काढायचा नाहीस. घे शपथ."

मी घेतली. सहज घेतली… तेव्हा तो माझा कोण होता?

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात.

"टोपी विसरलो."

"डोक्यावर आहे."

"मग डोकं विसरलो असेन. यंत्रात बघ ना जरा, हेंदा."

"माझं नाव कुणी सांगितलं?"

"तुझ्या डगल्यावर लिहिलंय. मी वाचलं. बरंच वाचलं…"

मग तो सबबींशिवायच यायला लागला. बोट लागली की घामेजलेला, मिठाने पांढरा झालेला, आमच्या फाटकाशी. मी वैतागल्यासारखं दाखवायची, आणि त्याला पाच मिनिटं उशीर झाला की खिडकी पुसायला घ्यायची. खिडकी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

रमजानचा बारावा दिवस. उन्हाने डांबर पाघळत होतं. त्याचे ओठ सोललेले.

"तू रोजे नको ना धरूस…" माझ्या तोंडून गेलं.

"का? आजारी आहे मी?"

असलं रक्त पाण्यावाचून आणखी मंदावतं, हे मला ठाऊक होतं. जिभेवर आलं. जिभेवरच ठेवलं.

"नाही… वाळलास, म्हणून."

"माझी काळजी करतेस!" तो इतका खूश झाला, की जाताना दोनदा मागे वळून हसला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तो बोटीवर कोसळला.

ट्यूनिसला डोक्याच्या कातड्याखालची एक शीर मेंदूतल्या शिरेला जोडली. जीव राहिला. उजवा हात गेला. बोलणंही गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढे येत नाहीत.

तीन महिन्यांनी, आज, जोडलेल्या शिरेतून किती पोचतंय ते बघायला त्याला आणलं. जमीला मावशी बाहेर बाकावर. आम्ही एकमेकींकडे बघत नाही. दोघींच्या नावावर एकच दोष मांडलेला आहे.

डोक्यावर यंत्राचा पिंजरा बसवून त्याला आत सरकवलं. काचेपलीकडे मी एकटी. चाचणी सुरू झाली आणि मी माइक दाबला.

"नौफल… मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या आईने शपथ घातली, मी गप्प राहिले. रोज्याच्या दिवशी तू विचारलंस, तेव्हाही खोटं बोलले. आणि तेव्हा तू मला आवडत होतास… आवडतोस. हे सगळं ऐकूनही मी हवी आहे का तुला?"

माइक सोडला. चार मिनिटं संपली. चित्र आलं आणि पार पुसट आलं. वर-खाली फराटे. डोकं हललं होतं.

आमच्याकडे हनुवटी वर उचलली की ते 'नाही', खाली झुकवली की 'हो'. फराट्यांत दोन्ही सारखंच दिसतं. सात वर्षांत असली चित्रं मी डोळे मिटून टाकून दिलीत. हे मी कितीतरी वेळ बघत बसले, आणि मला काही वाचता येईना.

शेवटी आत गेले. फळी बाहेर ओढली, पिंजरा काढला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलेलं.

"पुन्हा करावी लागेल," मी म्हटलं. "चाचणी. पण आधी… सांग."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. हनुवटी सावकाश वर गेली. ओठांचा एक कोपरा, हसू येतं तो एकच उरलेला कोपरा, हलला…

मग हनुवटी खाली आली. छातीला टेकली आणि तिथेच राहिली, मी रडायची थांबेपर्यंत.