लायबुश नावाचं इथं कुणी नाही

पास्ट्रामी यंत्रावर कापणाऱ्या दुकानदाराला मी औषधसुद्धा नाखुशीनेच देईन. फायगेनबॉमांकडे ती हाताने कापतात. मसाल्याने काळाभोर झालेला मांसाचा मोठा तुकडा वाफेच्या पेटीतून निघतो, लाकडी फळीवर येतो आणि लांब सुरीखाली थरथरतो. ब्रुकलिनमधल्या आमच्या रस्त्यावर हे दुकान बासष्ट वर्षं आहे आणि त्याच्या बरोबर समोर माझं औषधांचं दुकान. बायको गेल्यापासून मी शनिवार सोडून रोज दुपारी बारा वाजता रस्ता ओलांडतो आणि भिंतीकडच्या दुसऱ्या टेबलावर बसतो.

मी आत शिरलो की आल्टर फायगेनबॉम सुरीच्या टोकावर एक गरम काप पुढे करतो. तो तोंडात विरेपर्यंत आम्ही बोलत नाही.

"काय रे विषवाल्या, आज किती जणांना मारलंस?" मग तो विचारतो.

"तुझ्या चरबीने मेले त्याहून कमीच."

आल्टर हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. अठ्ठ्याहत्तर वर्षं तो लायबुश होता. गेल्या हिवाळ्यात त्याचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याच्या मुलीने, शेवाने, रब्बींना बोलावणं धाडलं. आम्हा ज्यूंमध्ये जुना रिवाज आहे. माणूस अगदी टोकाला पोचला की दहा जणांसमोर त्याचं नाव बदलायचं. न्यायला येणारा जुन्या नावाने शोधत येतो, आणि त्या नावाचं कुणी नाही म्हटल्यावर आल्या वाटेने परत जातो. त्या दहांत मीही उभा होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. तिसऱ्या आठवड्यात आल्टर पुन्हा फळीमागे उभा राहिला. शेवा म्हणाली, नावामुळे. मी म्हणालो, माझ्या गोळ्यांमुळे. वाद काही मिटला नाही, पण जुनं नाव दुकानात उच्चारायचं नाही एवढं मी कबूल केलं. गोळ्यांच्या बाटलीवर मात्र कायद्याने कागदोपत्री असलेलंच नाव लागतं. म्हणून ती मी तपकिरी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड चिकटवून आणायचो.

यंदा जानेवारीत एक अनोळखी गृहस्थ यायला लागले. पन्नाशीचे, करडा कोट, नीट विंचरलेले केस. पहिल्या दिवशी बाहेर बर्फ भुरभुरत होतं, तरी त्यांचे खांदे कोरडे होते. राय धान्याचा ब्रेड, मोहरी आणि अर्धीच मुरलेली काकडी त्यांनी मागवली. माणूस जाणकार आहे, मी मनात म्हटलं. आमच्या धर्मात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, तरी परवाच एका दीडशहाण्याने पास्ट्रामीवर चीज मागितलं होतं आणि शेवाने त्याला दाराची दिशा दाखवली होती.

सँडविच हातात घेता घेता त्यांनी विचारलं, "लायबुश फायगेनबॉम आहेत का?"

विचारलं ते खुद्द आल्टरला. आल्टरची सुरी क्षणभरही थांबली नाही.

"लायबुश नावाचं इथं कुणी नाही. मी आल्टर. मोहरी अजून घालू?"

"घाला थोडी. मग येईन पुन्हा." त्यांनी मान लववली. अगदी सभ्य माणूस.

त्यानंतर ते दर दोन-तीन दिवसांनी येत. जाताना दारावरची घंटा वाजे, येताना वाजलेली मात्र कुणाला आठवत नसे. ते बसून गेलेली खुर्ची गार लागते, असं शेवा म्हणाली. हिवाळ्यात सगळ्याच खुर्च्या गार लागतात, मी म्हणालो.

एकदा टेबल पुसता पुसता ती खाली वाकली. "हेशलकाका, ते परवा कोपऱ्यावरच्या झायडल बटणवाल्याकडे गेले होते. नाव घेऊन विचारलं. तो बिचारा म्हणाला, मीच तो, या, बसा."

झायडलला आम्ही त्याच रविवारी पोचवून आलो होतो.

"शेवा, झायडल एक्क्याण्णव वर्षांचा होता."

"माहीत आहे मला. तरी तुम्ही आपलं तोंड सांभाळा."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझ्या गल्ल्याजवळच्या पिशव्या संपल्या. मागच्या खोलीतून आणायचा मी कंटाळा केला. खरं सांगायचं तर कंटाळ्याआड थोडी घमेंडही होती, की असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही. बाटली तशीच खिशात टाकली. टेबलाशी बसल्यावर चष्मा काढताना ती बाहेर आली आणि मी ती मिठाशेजारी ठेवली. सँडविच अर्धं झालं होतं.

"बसू का?"

बाकीची टेबलं भरलेली होती. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. ते बसले आणि त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"लायबुश फायगेनबॉम," त्यांनी हळू वाचलं. "ही कुणाची?"

शेवा हातातलं तबक धरून पार पलीकडच्या टेबलाशी जागच्या जागी उभी राहिली. आल्टर पाठमोरा होता, पेटीतून मांस काढत होता, गुणगुणत होता.

मला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली. माझी बायको गेली तेव्हा हा म्हातारा सात दिवस, रोज, स्वतःच्या हाताने सूप घेऊन माझे तीन मजले चढला होता. त्यातल्या एकाही दिवशी तो काही बोलला नाही, नुसता समोर बसून राहिला.

"माझी," मी म्हणालो.

"म्हणजे लायबुश तुम्ही?"

"मीच."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं. फार फिरवलंत हो." मग ताटलीकडे नजर गेली. "खा, खा. सावकाश. जेवणावरून मी कुणाला उठवत नाही."

मी सावकाश खाल्लं. शेवटचा घास तसाच ठेवला. त्यांनी त्या घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठले.

"मग उद्या," ते म्हणाले. घंटा वाजली.

याला तीन आठवडे झाले. ते रोज येतात आणि माझ्यासमोर बसतात. हवापाण्याचं बोलतात. मी रोज एक घास ठेवतो. खोटं कशाला सांगू, हे दिवस सुखाचे गेले. पास्ट्रामी इतकी चवदार कधीच लागली नव्हती. मिरी, लसूण, धूर, सगळं वेगवेगळं जिभेवर येतं. आल्टरची नाडी मी रोज बघतो, ठणठणीत आहे. लायबुशची चौकशी आता कुणी करत नाही.

बिघडलं ते एकच. पन्नास वर्षांत मी त्या दुकानात कणही टाकला नव्हता. रोज उरलेला घास परत गेला की आल्टरचा चेहरा पडतो.

"काय कमी पडतं हो त्यात, काका?" शेवाने एकदा विचारलंच. त्या दिवशी आमच्यात काय बोलणं झालं ते तिच्या कानावर पोचलं नव्हतं.

खरं कारण सांगायचं तर ते जुनं नाव घ्यावं लागणार. आणि ते गृहस्थ समोरच बसलेले.

"पोट भरलं," मी म्हणालो.

आज आल्टर स्वतः फळीमागून बाहेर आला. आजारानंतर पहिल्यांदाच. हातात ताटली, तिच्यावर लहानसं सँडविच. चरबी काढलेली, कडा कापलेल्या, चार छोटे तुकडे.

"तुझं पोट लहान झालंय, विषवाल्या. म्हणून एवढंसंच केलंय. पण आज ताटली रिकामी हवी. मी इथंच उभा आहे."

"आल्टर, ऐक ना..."

"काही ऐकत नाही. माझ्यासाठी."

त्याने खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता.

मी एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा.

चव अप्रतिम होती.

चौथा आल्टरने स्वतः उचलला आणि हसत माझ्या तोंडाशी धरला.

समोरचे गृहस्थ उठले. खुंटीवरचा माझा कोट त्यांनी काढला, बाह्या सरळ केल्या आणि मला घालता यावा म्हणून उघडून धरला.