उंबऱ्यावरची वाटी

आज दुपारी अडीच वाजता बाहेरच्या उंबऱ्यावर टक् असा आवाज झाला. दगडावर चिनी मातीची वाटी टेकवावी, तसा.

घरात सगळं निवांत होतं. पालमची ऑक्टोबरातली दुपार अशीच असते, बाजारपेठसुद्धा पेंगते. सासरे, ईश्वरअप्पा, दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत आडवे झाले होते. सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. त्या भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. लाईट गेलेली, म्हणून पंख्याचाही आवाज नव्हता. मी साडीच्या झोळीत दोन महिन्यांच्या बाळाला झोके देत होते. थोरली भक्ती, सात वर्षांची, फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिनंही मान वर केली.

दोरी माझ्या हातात थांबली. हा आवाज मी ओळखते. पण तो इथं ऐकू यायला नको होता.

आत्ता सव्वाचार झालेत. बाळ परत झोपलंय, तेवढ्यात हे लिहून काढतेय. भक्तीला माझा पदर धरून बसायला सांगितलंय. लग्नाआधी मी परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल घ्यायची. जे दिसलं तेवढंच, आणि दिसलं त्याच क्रमानं लिहायचं, असं मुलांना सांगायची. तसंच लिहिते.

माझा नवरा, श्रीशैल, जपानमध्ये मशीनचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. पहिली दोन वर्षं आम्ही नागोयात होतो, अकराव्या मजल्यावर. त्या शहरात आमच्याकडं कुणी बघायचं नाही. लिफ्टमध्ये माणसं जराशी मान लववायची आणि मजल्यांचे आकडे बघत राहायची. मी साडी नेसून, कपाळाला विभूती लावून निघाले तरी एक नजर वळायची नाही. शेजारच्या दारामागं बाई राहते की पुरुष, हे दोन वर्षांत कळलं नाही. इथं पालममध्ये नवी चप्पल घातली तर चार घरांतून विचारणा होते. तिथं मी अंघोळीला गेल्यावर नळ सोडून रडायची. आवाज कुणाला जाऊ नये म्हणून सोडायची, आणि मग वाटायचं, गेला तरी कोण येणार आहे.

मग कंपनीनं श्रीशैलला डोंगरातल्या कारखान्यावर पाठवलं. गाव एवढंसं. परभणीजवळच्या आपल्या छोट्या पिंगळी स्टेशनावरसुद्धा तिथल्यापेक्षा जास्त गाड्या थांबत असतील. तिथं मात्र सगळे बघायचे. पोस्टमनला भक्तीचं नाव पाठ होतं. दुकानातली बाई मी कुठला तांदूळ नेते ते ओळखून पिशवी आधीच काढून ठेवायची. अख्ख्या गावात परकी माणसं आम्ही तीनच. पहिल्या आठवड्यातच गावाला आमचं सगळं ठाऊक झालं. मला बरं वाटलं. अम्मांना तर फारच.

"मग आपलं पालमच झालं की," त्या फोनवर म्हणाल्या. "बघणारं कुणीतरी लागतंय बाई. न्हाई तर माणूस हाय का न्हाई, कसं कळावं?"

गेल्या वर्षी, याच दिवसांत, तिथल्या दारातल्या पायरीवर पहिल्यांदा टक् झालं. दार उघडलं तर कुणी नाही. निळसर वाटी, काठाचा नखाएवढा टवका उडालेला. आत तीन केशरी फळं: एक मोठं, एक मधलं, एक लहान. व्हिडिओ कॉलवर दाखवली तर अम्मा म्हणाल्या, ही तर आपल्या रानातली टेंभरं, नुसती खत घालून फुगवल्यावाणी. आणि लगेच बजावलं, "वाटी रिकामी वापस करू नको बरं. काही नसलं तर साखर टाक."

हे त्यांनी सांगायचीही गरज नव्हती. शेजारणीची वाटी रिकामी परत गेलेली मी जन्मात पाहिली नाही. वाटी कुणाची ते कळेना, म्हणून शेंगदाण्याचे लाडू घालून तिथंच पायरीवर ठेवली. सकाळी नव्हती. चार दिवसांनी आली, तीन रताळी घेऊन. मग तीन मुळे. श्रीशैल कामासाठी दोन दिवस नागोयाला गेला, तेव्हा दोनच बटाटे. एक माझ्यापुरता, एक भक्तीपुरता. लहान गावाला सगळं कळतं, म्हणून मी हसले. वाटीचा फोटो काढून अम्मांना पाठवला.

शेजारच्या ओकुदाआजी एकदा दारात आल्या आणि ओट्यावरची वाटी बघून दोन पावलं मागं सरकल्या. त्यांनी मोबाइलमधल्या भाषांतरातून विचारलं, तुम्ही यात काही घालून परत दिलंत का? मी अभिमानानं हो म्हटलं. त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवून दिला. हातात नसलेली वाटी धरली आणि ती हळूच पालथी घालून दाखवली. दोनदा. मग कमरेत वाकून मला नमस्कार केला, कितीतरी वेळ. आपल्याकडं मयताच्या घरी करतात, तितका वेळ.

त्यानंतर त्या माझ्या दारात आल्या नाहीत. भाजी द्यायची झाली तर कुंपणावर ठेवून जायच्या.

वाटी पालथी घालायची ही त्यांची रीत असेल, असं मला वाटलं. नांदत्या घरात भांडं पालथं घालायचं नाही, ही आमची. मी आमची पाळली.

डिसेंबरात, बर्फ पडत असताना, वाटी आली ती गरम होती. आत हुरडा. मी वास घेतला, दाणा चावून पाहिला. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला, हातावर चोळून काढलेला कोवळा ज्वारीचा हुरडा. त्या डोंगरात ज्वारीचं एक ताट मी कधी पाहिलं नव्हतं. तीन ढिगल्या वेगळ्या मांडलेल्या. मोठी, मधली, लहान. आणि काठाशी, एकटा, चिमूटभर.

"परभणीचं कुणीतरी इथं लपून बसलंय बघ," श्रीशैल म्हणाला. दोघंही हसलो. चिमूट कुणाची म्हणून वाद नको, ती मीच तोंडात टाकली.

नऊ दिवसांनी मला दिवस गेल्याचं कळलं.

दुसरं बाळंतपण सासरी करायचं ठरलं. जानेवारीअखेर मी आणि भक्ती निघालो. त्या सकाळी वाटी आमच्याकडं होती आणि घरात काहीच नव्हतं. डबे धुऊन लोकांना देऊन टाकलेले, टॅक्सी दारात उभी. मी ती रिकामीच पायरीवर ठेवली. जन्मात पहिल्यांदा. विमानात बराच वेळ मला त्याचीच रुखरुख लागली होती. तेव्हा भक्ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, वाटी रिकामी नव्हती. मी माझा दात टाकला."

त्याच सकाळी तिचा पहिला दात पडला होता, खालचा, समोरचा.

"आज्जी म्हणते ना, रिकामी द्यायची नसते."

मी तिला जवळ ओढलं. शहाणं गं माझं लेकरू, असं म्हणाले. मी असंच म्हणाले.

तो दात परत आलेला नाही. नऊ महिने झाले. शेजारचा त्याच्यानंतर पडला आणि आलासुद्धा. परभणीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हिरडीखाली काही दिसत नाही, होतं कधी कधी असं, म्हणाले. ती हसली की त्या फटीकडं माझी नजर जाते. ते तिला कळतं, म्हणून ती हल्ली ओठ मिटून हसते.

श्रीशैल महिनाभर म्हणतोय, आता बदली मागतो, नागोयातच राहू. गेल्या आठवड्यात मी हो म्हटलं. सव्वीस तारखेची तिकिटं आहेत. ज्या अकराव्या मजल्यावर मी रडायची, तो आता मला हवाहवासा वाटतो. तिथं आपल्याला कुणी मोजत नाही. दोन्ही लेकरं घेऊन तेवढं तिथं पोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आज मी दोरी खुंटीला अडकवली आणि दार उघडलं.

गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्या राजेश्रीच्या दाराला कुलूप; ती सोयाबीन काढायला शेतात गेलेली. दारासमोरच्या मऊ धुळीत कुत्र्याची पावलं होती. माणसाची नव्हती.

उंबऱ्यावर निळसर वाटी. मी मोबाइलमधला जुना फोटो उघडून शेजारी धरला. टवका तिथंच, तेवढाच.

"आली का?" अम्मांनी आतून जांभई देत विचारलं.

मी विचारलं, काय?

"वाटी गं. परवापासून यायलीय. राजेश्रीची असंल. तू बाळाचं करायलीस म्हणून म्याच उचलते."

"अम्मा, आणि परत?"

"परत काय परत? रिकामी कशी ठिवावं? साखर घालून ठिवते." त्या पदरानं तोंड पुसत उठल्या. "टेंभरं पाठवतेत बघ, लय गोड. तुला थंड म्हणून दिले न्हाईत. तुझं नि बाळाचं म्याच खाल्लं. ज्यानं पाठवलं ते लय नेमाचं माणूस हाय. दोन्ही दिस पाचच. घरात आपण पाचच की."

माझ्या हातातली वाटी थंडगार होती. बर्फातून आणल्यासारखी.

मी म्हणाले, अम्मा, आज साखर नको. ही रिकामी करून पालथी घालू.

"लेकुरवाळ्या घरात भांडं पालथं?" त्यांनी माझं मनगट धरलं. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "येडी झालीस का गं?"

तेवढ्यात भक्तीनं वाटी माझ्या हातातून काढून घेतली. दोन दिवस फळं तीच सगळ्यांना वाटून देत होती म्हणे. रंगानं भरलेल्या बोटांनी ती एकेक फळ काढून फरशीवर मांडू लागली, मोठ्यापासून लहानापर्यंत.

"हे आज्जाचं."

"हे आज्जीचं."

"हे आईचं."

सगळ्यात लहान, बोराएवढं, तिनं झोळीखाली नेऊन ठेवलं. "हे बाळाचं."

मग तिनं वाटीत पाहिलं. आत बोट फिरवलं. वाटी उचलून तिच्याखाली पाहिलं. आणि माझ्याकडं बघून, ओठ मिटायचं विसरून, विचारलं,

"आई, माझं कुठंय?"