गुंजाळांची गढूळ बरणी

शेलवती नदी आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी शिरोळेने नदीच्या पाण्याचा आणखी एक नमुना तपासला आणि कपाळावर हात मारला.

"हाही स्वच्छ!"

"मग तोंड का पाडता, मॅडम?" केंद्राचे मुख्य अभियंता भालचंद्र गुंजाळ मिशीवर बोट फिरवत म्हणाले. नदी त्यांनीच नितळ केली होती, आणि हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. "आपल्या हद्दीत एक जरी औषधरोधी जीवाणू सापडला ना, तर ही मिशी उतरवीन!"

"तुमची मिशी राहील हो, पण माझ्या बाबांचा पाय जाईल."

गुंजाळांनी मिशीवरचं बोट काढलं. हेमांगीचे वडील पूर्वीच्या घाणेरड्या शेलवतीत रोज पोहत. तेव्हा घोट्याच्या जखमेतून शिरलेला जीवाणू हाडात दडी मारून बसला होता. आता म्हातारपणी त्याने डोकं वर काढलं होतं आणि कुठल्याच औषधाला तो दाद देत नव्हता. सोमवारी पाय कापायचं ठरलं होतं.

"पण मग नदीत काय शोधताय?"

"त्याचा वैरी. या जीवाणूच्या अंगावर एक उपसाद्वार असतं. औषध आत आलं की तो ते त्या दारातून बाहेर उपसून टाकतो. जुन्या नदीत एक विषाणू होता, द्वारभक्षी. तो नेमका त्याच दाराला चिकटून आत घुसतो आणि जीवाणूला फोडतो. दार ठेवलं तर विषाणू खाणार, दार टाकलं तर साधी जुनी गोळी मारणार."

"इकडे आड, तिकडे विहीर!"

"अगदी. पण तुम्ही सांडपाण्यातली औषधं गाळून काढलीत. औषधच नाही, तर दाराचं ओझं कशाला वागवायचं? जीवाणूंनी दारं टाकून दिली आणि द्वारभक्षी उपासमारीने संपला. जुना जीवाणू असेल तिथेच तो असणार."

गुंजाळांना पहिल्यांदाच आपल्या कामगिरीचा अभिमान वाटेना.

हेमांगी घरी जायला निघाली, मागोमाग गुंजाळही. दर्शनी दालनात काचेची मोठी बरणी होती. तळाशी काळा गाळ आणि वर पाटी: 'अशी होती आपली शेलवती'. ही घाण फेका म्हणून ती गुंजाळांशी कितीदा तरी भांडली होती. आज मात्र गाळावरचं पाणी अगदी नितळ होतं. तिची नजर तिकडे गेलेली पाहून गुंजाळ घाईघाईने बरणीसमोर आडवे उभे राहिले.

"काय लपवताय?"

"कुणाला बोलू नका हं. हे पाणी मेलं आपोआप निवळतं. पाहुणे म्हणतील, नदी आधीच स्वच्छ होती, मग या गुंजाळने केलं काय? म्हणून मी डब्यातलं थोडं वरणाचं पाणी ओततो. छान गढूळ होतं. पण थोड्या दिवसांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या!"

हेमांगी जागच्या जागी थबकली. "गढूळ होतं, म्हणजे जीवाणू वाढतात. आणि निवळतं, म्हणजे..."

"गाळ खाली बसतो?"

"अहो, कुणीतरी त्यांना खातंय! या गाळात जुनी औषधं मुरलेली आहेत, म्हणून इथल्या जीवाणूंना दार टाकता आलेलं नाही. आणि तुम्ही वरण घालून दोघांनाही पोसलंत!"

तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. तिने बरणी उचलून छातीशी धरली आणि प्रयोगशाळेकडे धावली.

द्वारभक्षी सापडला. शल्यविशारदांनी सोमवारची शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि विषाणू व साधी गोळी जोडीने दिली. हाडातल्या जीवाणूला पळायला वाट उरली नाही.

पावसाळा सरल्यावर बाबा स्वतःच्या पायांनी केंद्रात आले. हातात डबा होता. बरणी आता कुलूपबंद काचपेटीत होती, आणि तिच्यातली घाण जपण्याची जबाबदारी केंद्राने नदी स्वच्छ करणाऱ्या माणसावरच सोपवली होती.

"आजचं वरण माझ्याकडून," बाबा म्हणाले. मग चमचा घेऊन पुढे आलेल्या माणसाकडे ते निरखून पाहू लागले. "हे कोण गं? गुंजाळ कुठेत?"

"हेच ते, बाबा. जीवाणू त्यांच्याच बरणीत सापडला ना!"

गुंजाळांनी गुळगुळीत ओठावरून सवयीने बोट फिरवलं, बाबांच्या दोन्ही पायांकडे पाहिलं आणि हसून डब्याचं झाकण उघडलं.