पिप्यातलं पाणी

शांताबाई सकाळच्या पहिल्या मोटारीनं पांढुर्ण्याला आली, देवीदासच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आज संध्याकाळी मले थान्यात नेणार हायेत, भाऊ. चोर म्हणून."

देवीदास हवालदारकीवर थुंकून बाहेर पडलेला माणूस. आता लोकांच्या भानगडी स्वतःच उकलायचा. शेजारी चहा फुंकत त्याचा दोस्त सुधाकर बसला होता. दवाखान्यातला कंपाउंडर, भला माणूस, पण त्याच्या डोक्यात उजेड जरा उशिरा पडायचा.

हकीकत अशी. मोहगावला रामाजीची सुगंधी तेलाची भट्टी. संत्र्याच्या साली पाण्यात उकळायच्या, वाफ थंड करायची, वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. ते नागपूरच्या अत्तरवाल्याकडे जायचं. यंदाच्या हंगामाचा भरलेला पिपा अत्तरवाल्यानं परत पाठवला. वर बोटभर तेल, खाली सगळं पाणी.

"तेलाची खोली शेणानं सारवायले मीच जातो," शांताबाई म्हणाली. "म्हणून माह्यावर आलं. आमच्या वस्तीतल्या बाया साली सोलतात, त्यायलेबी रामाजी उद्यापासून येऊ नका म्हणून राहिला."

"तेल काढून पाणी भरलं असं म्हणतात?" देवीदासनं विचारलं.

"हाव. अन् तेल-पाणी येगळं राहते, हे तर माह्या नातीलेबी ठावं हाय."

मोहगावला पोचेपर्यंत सुधाकरचा घसा कोरडा पडला. आवारात साली वाळत होत्या, भट्टी धुमसत होती. विहिरीवर दोर-बादली होती.

"बाई, जरा पाणी काढता का?" सुधाकर म्हणाला.

शांताबाई जागची हलली नाही. "मी कशी काढू, बावाजी? भिवाजी, ओ भिवाजी! सायबायले पाणी द्या."

भट्टीवाला भिवाजी आला. त्यानं सुधाकरला पेला दिला. शांताबाईच्या ओंजळीत लोट्यानं वरून धार धरली. मग देवीदासकडे पाहून विचारलं, "तुमचं आडनाव काय जी?"

"आधी पिपा दाखवा," देवीदास म्हणाला.

रामाजी कानात अत्तराचा फाया घालून खाटेवर बसला होता. "दाखवायचं काय त्यात? दिवसभर खोली उघडी. आत आम्ही घरचे, भिवाजी आणि ही. रात्री कुलूप, किल्ली माह्या कमरेला. पोटच्या पोरासारखं जपलं तेल!"

"बाईला तेल घेऊन जाताना कोणी पाहिलं?"

"पाह्यलं नाई म्हणूनच तर चोरी म्हणतात."

मग भिवाजी. "पाणी टाकणारा बिनडोक असन. नागपूरवाला नळी बुडाशी घालून तेल काढते, दरवर्षी. मले चोरी करायची असती तर घासलेट नसतं मिसळलं? थे तेलात विरून जाते."

"म्हणजे विचार केलेला दिसतो," देवीदास म्हणाला.

"भट्टीपुढं बसून माणूस दुसरं काय करन?"

शेवटी वामन, रामाजीचा एकुलता एक मुलगा, नागपुरात कॉलेज केलेला. त्याच्या खोलीत नवा टीव्ही, पलंगाखाली टीव्हीचं खोकं. आतल्या थर्माकोलला खड्डे पडले होते. सुधाकर वाकला. खड्डे गुळगुळीत, कडा मेणासारख्या थिजलेल्या.

"उंदरं," वामन म्हणाला. "आणि मला तेलातलं काही विचारू नका. भट्टीचा धूर सोसत नाही, मी तिकडे फिरकत नाही. कधी नागपूरला जातो, तेवढंच."

संध्याकाळी जीप आली. हवालदार उतरला, खुर्चीवर बसला. देवीदासनं सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं.

"रामाजी, पिपाभर पाणी आलं कुठून?"

"या विहिरीतून. दुसरं काय हाय इथं?"

"दिवसाढवळ्या?"

"रात्री कुलूप असते, सांगितलं ना."

"मग शांताबाईनं दोराला हात लावला आणि तुमच्यापैकी कोणी बोंबललं नाही? वस्तीचा हापसा नाल्यापलीकडे. तिथून घागरी आणल्या असत्या तर फाटकातच हाकलली असती. बाईला ओंजळभर पाणी तुम्ही वरून ओतता. पिपाभर पाणी तिनं कुणाला मागितलं? तुमचा विटाळच तिचा साक्षीदार आहे."

सुधाकरला सकाळचा आपला पेला आठवला आणि तोंड कडू झालं.

"मंग भिवाजी?" रामाजी म्हणाला.

"भिवाजीला माहीत आहे, ग्राहक बुडातून तेल काढतो. त्यानं पाणी टाकलंच नसतं. पाणी टाकणाऱ्याला एवढंच ठाऊक, की झाकण उघडलं की वर तेल दिसतं. तेलावर जगणारा, पण भट्टीपुढं कधी न बसलेला माणूस. सुधाकर, ते खोकं आण."

देवीदासनं पिप्यातलं तेल काडीनं थर्माकोलवर टाकलं. थर्माकोल आत आत बसत गेला. गुळगुळीत खड्डा, थिजलेली कड.

"उंदीर कुरतडतो, तेव्हा चुरा पडतो. हे संत्र्याच्या तेलानं खाल्लंय. बाटल्या या खोक्यात बसवून नागपूरला नेल्या, एकीचं बूच गळत होतं. आणि विहिरीवरून पाणी नेणाऱ्या मालकाच्या पोराला कोण विचारणार?"

वामननं बापाकडे पाहिलं. "टीव्हीला पैसे द्यायला तुम्हीच नाही म्हणाला होता, बाबा."

रामाजीनं वामनकडे पाठ केली. मग हवालदाराला म्हणाला, "घरची गोष्ट हाय, साहेब. च्या घ्या." आणि शांताबाईकडे न पाहता, "उद्या कामावर ये. बायायलेबी सांग."

"अन् मले चोर म्हटलं थे?"

"झालं गेलं. किती ताणशील?"

हवालदारानं चहा संपवला, टोपी घातली. "केसच नाही तर काय," म्हणत तो जीपकडे निघाला.

शांताबाई त्याच्या आधी जीपपाशी पोचली. मागच्या फळीवर चढून बसली.

"उतर वो बाई," हवालदार म्हणाला. "तू सुटली."

"मी सुटली नाई, साहेब. मी रपट लिहायले येतो. गावापुढं मले चोर म्हटलं, त्याची. चला सौसरच्या थान्यात."

हवालदारानं रामाजीकडे पाहिलं. रामाजीनं नाही म्हणून मान हलवली. हवालदारानं ड्रायव्हरला खूण केली आणि ड्रायव्हरनं किल्ली काढून खिशात टाकली.

देवीदास चढून तिच्या शेजारी बसला. जरा वेळानं सुधाकरही. साली सोलणाऱ्या बाया हात पुसत फाटकापाशी गोळा झाल्या.

जीप हलली नाही. शांताबाईही हलली नाही.